वहिनींच्या ओव्हनमधलं संशोधन

आमच्या शेजारचे सर कॉलेजात शिकवतात आणि संशोधन बायकोच्या ओव्हनमध्ये करतात. तापवल्यावर आक्रसणाऱ्या प्लास्टिकवर सुईनं रेघा कोरायच्या, भाजायच्या, वर चिकटपट्टी लावायची, की झाल्या केसाएवढ्या नळ्या तयार. त्यांतून म्हणे पुढेमागे रक्त औषधात मिसळून तपासायचं आहे. तूर्त त्यांतून लाल आणि निळं पाणी जातं, तेही अबोला धरलेल्या जावांसारखं शेजारून. मिसळायचं नाव नाही.

वहिनींचं मागणं एकच होतं. प्राचार्य प्रयोग बघायला घरी येणार होते. त्यांनी खूश होऊन कॉलेजात एक खोली द्यावी आणि आपला ओव्हन सुटावा. त्यांच्या बिस्किटांना हल्ली प्लास्टिकचा वास येतो. खाणारा मीच, म्हणून ठाऊक.

प्राचार्य दारात आले, तेव्हा शेवटचा तुकडा भाजत होता. “झालं का एकदाचं?” म्हणत वहिनींनी ओव्हन मध्येच उघडला. तुकडा एका अंगानं आक्रसला आणि सरळ रेघ नागमोडी झाली. दुसरा करायला वेळ नव्हता. सरांनी देवाचं नाव घेऊन पाणी सोडलं, तर ते वळणावळणांवर ढवळत शेवटी चक्क जांभळं झालं.

“वळणं मुद्दामच ठेवलीत,” सर म्हणाले. मला खोकला आला.

प्राचार्य भारावले. “घरच्या ओव्हनमध्ये एवढं होतंय, मग कॉलेजची खोली कशाला अडवायची? असंच चालू ठेवा.”

वहिनी हळूच माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, तुमचा ओव्हन आमच्याहून मोठा आहे ना?”

तेव्हापासून आमचा ओव्हन बिघडलेला आहे.