तंबाखू मळून होईपर्यंत

"पावणं, पायातलं काढा."

सिद्राम आप्पा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. रंकाळ्याच्या कडेने मी माझ्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीला, हरणीला, फिरवत होतो. मला वाटलं, जवळपास एखादं देऊळ असेल, म्हणून मुकाट्याने बूट काढले. आप्पांनीही चपला काढल्या, माझ्या शेजारी उभे राहिले आणि सावकाश तंबाखू मळू लागले. त्यांची चिमूट तयार होईपर्यंत मी तापल्या रस्त्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो.

"भाजलं न्हवं? मग ह्या मुक्या जिवानं काय पाप केलंय? तंबाखू मळून हुईस्तवर पाय टिकला, तरच कुत्रं भाईर काढायचं."

संस्थान विलीन झालं आणि शिकारखान्यातली आप्पांची कुत्र्यांची चाकरी संपली. एवढी वर्षं शिकारीत काढलेला हा माणूस, पण काळीज सशाचं. हरणी खोकली की यांचा चेहरा उतरायचा. गवतातून आली की तिची बोटं फाकवून कुसळं शोधायचे, कान उलटून गोचिड्या बघायचे, आणि फिरायला निघण्याआधी तिच्या पोटात काही गेलं का, हे मला दरवेळी विचारायचे; भरल्या पोटी कुत्रं पळवायचं नाही, हा त्यांचा नियम. मी थट्टा केली की म्हणायचे, "मास्तर, मी भितो म्हणून कुत्री जगत्यात. एकदा न्हाय भ्यालो, तवा एक गेलं. माझ्याच मांडीवर." त्या कुत्र्याबद्दल याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत.

तरी फाल्गुनाच्या अखेरीस मी हट्टाला पेटलो. हरणीला एकदा मोकळ्या रानात धावताना बघायचं होतं. पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर जायचं ठरवलं. आप्पा नको नको म्हणत राहिले आणि शेवटी माझ्यावर भरवसा नाही म्हणून स्वतःच बरोबर निघाले. आम्हा कोल्हापूरकरांची दुधावर भलती श्रद्धा. पैलवान असो की बाळंतीण, अंगात जोर यायचा तो धारोष्ण दुधानेच. पहाटे गंगावेशीत म्हशीखालचं तांब्याभर दूध मी हरणीला पाजलं, आणि आप्पांना त्याचा पत्ता लागू दिला नाही.

पठारावर सावलीला झाड नाही. ससा उठला आणि हरणी सुटली. आप्पा ओरडले, पण मी टाळ्या वाजवत होतो. ती परतली तेव्हा तिची जीभ जांभळी पडली होती, लाळेची तार लोंबत होती. दोन पावलं तिरकी टाकून ती कोसळली.

मी पाण्याचा फिरकीचा तांब्या तिच्या तोंडात उपडा करायला गेलो, तर आप्पांनी माझा हात झटकला. "घशात वतू नगा, छातीत जाईल." त्यांनी डोक्याचा पटका सोडून भिजवला आणि तिच्या पोटावर, जांघांत, पंजांवर फिरवायला लागले.

"सकाळी काय पाजलं हुतं?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं का बोललो, मला आजही नीट सांगता येत नाही. ती मरेल याची भीती होतीच, पण आप्पांना कळेल याचीही तेवढीच होती.

आप्पा हरणीला उचलून कड्याखालच्या गुहांच्या सावलीकडे निघाले. कुत्रं बरोबर असलं की ते अनवाणीच चालायचे, त्या दिवशीही तसेच होते. मी मागून पटक्याने वारा घालत धावत होतो. सावलीत टेकवल्यावर तिला उलटी झाली. सगळं फाटलेलं दूध. आप्पांनी तिचं तोंड पुसलं, ओल्या बोटांनी तिची जीभ भिजवत राहिले. दिवस कलल्यावर तिने शेपटी एकदाच हलवली आणि मला रडू फुटलं.

आप्पांचे तळवे फोडांनी भरले होते. ते एवढंच म्हणाले, "त्येला बोलता येत न्हाय मास्तर. त्येच्या वाटचं खरं आपुन बोलायचं असतंय."

दोन वर्षांनी त्यांना रंकाळ्यावर चक्कर आली. पंधरवड्यात पुन्हा आली आणि ते पडले. "घरात सांगू नगा, फिरणं बंद करत्याल," त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी ते पाळलं.

मग एका सकाळी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. त्यांचा मुलगा घरी आलेल्या डॉक्टरांना सांगत होता, "कालपातुर ठणठणीत हुतं बघा." मला पठारावरचं माझं 'काही नाही' आठवलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. या वेळी मी सगळं सांगून टाकलं, दोन्ही वेळच्या चकरांचं.

"हे तेव्हाच कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलंही नाही. आप्पांनी मात्र धड असलेला हात पलंगाखाली सोडला, हरणी तिथेच बसली होती. त्यांनी तिचा पंजा धरला आणि अंगठ्याने बोटं फाकवून कुसळं शोधू लागले. चार दिवसांनी ते गेले.