फडक्याखालचा चीक

म्हातारपणी माणूस शांत होतं म्हणतात. माझ्याकडे बघून कुणी असं म्हणालं तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

यंदा नातीचं लग्न. रुखवतात मांडायला कुरडया हव्यात, त्याही अखंड. सुनेनं आधीच बजावलं, "आई, यंदा कुरडया मीच करीन. तुमी फकत बसा. चिकाले हात लावू नका." हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. म्हणजे माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती तर!

ती कीर्ती अशी. डोणगावात नवी नवरी म्हणून आले, त्या पहिल्या उन्हाळ्यातली. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून गाळला. सासूबाईंनी ते पांढरं पाणी पातेल्यात ओतून वर फडकं बांधलं. सकाळपर्यंत चीक तळाशी बसतो, मग वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. तोवर काहीच करायचं नाही, हेच काम. पण आमच्या राणीसाहेबांना, म्हणजे मला, दम कुठला! भुईमुगाचं झाड उपटून शेंग धरली का बघायची आणि परत मातीत खोचून ठेवायची, अशी ती हुशार बाई. तिनं घटकाघटकाला फडकं उचललं, तळापर्यंत हात घालून चाचपलं. सकाळी तर सासूबाई पाणी ओतायच्या जरा आधीच. अर्धा चीक पाण्याबरोबर मोरीत गेला. उरल्याच्या कुरडया वाळता वाळता मोडल्या.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काऊन वं, निजलेल्या लेकराले कोनी उठवून इचारते का, निजला का म्हणून?" आणि वर्षभर आल्यागेल्याच्या ताटात तो चुरा तळून वाढला. "खा जी, आमच्या सूनबाईच्या हातच्या हायेत!"

तर यंदा सुनेनं सकाळीच चीक गाळून ठेवला. मी सैपाकघरात तीनदा पाणी प्यायले. तहान नव्हती. चौथ्यांदा फडक्याची गाठ सैल वाटली म्हणून नुसता हात पुढे केला, तर अंगणातून आवाज, "आई!"

हाताचा भरवसा नव्हता. पिशवी घेतली आणि मेहकरच्या एसटीत बसले. शेजारच्या सीटवरची गावातलीच बाई विचारते, "एवढ्या उन्हाचं कुठी, काकू?"

"मेहकरले."

"काय काम हाये?"

"काईच नाई. म्हणूनच तं चालली."

देवळात जाऊन बसले. देवापुढे डोळे मिटले तर समोर पातेलं. एका बाईला दोनदा वेळ विचारली, तिसऱ्यांदा ती उठून दुसरीकडे बसली. समाधान वगैरे काही लाभलं नाही. पण माझे हात पातेल्यापासून एका एसटीइतके लांब होते. इतक्या वर्षांत मला जमलेलं शहाणपण एवढंच.

परतले तर सून दारातच. चेहरा उतरलेला. "आई, फडकं मीच उचललं. दोनदा."

"हात घातला?"

"एक बोट."

मला हसू आवरेना. "चाल, वट्यावर बसू. तू माह्यावर ध्यान ठेव, मी तुह्यावर." संध्याकाळपर्यंत दोघी तूर निवडत बसलो, निवडलेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतलं. खाली चीक पांढराशुभ्र, घट्ट. आधणात पडला की मात्र त्याला सतत घोटावं लागतं, हात थांबला की गुठळ्या. सुनेनं लाटणं माझ्या हातात दिलं.

"घ्या आई. आता थांबू नका."