राहते तिथं, पण रहिवासी नाही

अमेरिकेतलं एमएसचं पहिलं वर्ष संपवून मी जूनमध्ये घरी आले, तेव्हा दोन महिने फक्त जेवायचं आणि झोपायचं असं ठरवलं होतं. आमचा तांडा पुसदपासून पाऊण तासावर आहे. वडील तांड्यातली पिठाची गिरणी चालवतात. आईला आम्ही बंजारे लोक याडी म्हणतो. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. घरातलं बोलणंही इथं मी वऱ्हाडीतच लिहिते, कारण ते गोरबोलीत लिहायची मला सवय नाही.

घरी येऊन आठवडा झाला असेल. मोबाइलवर इंटरनेट फक्त गिरणीसमोरच्या पाण्याच्या टाकीजवळ नीट चालतं, म्हणून मी संध्याकाळी तिथं जाऊन उभी राहायचे. त्या दिवशी माझ्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचं एक पत्र आलेलं होतं. सगळ्यांना पाठवलेलं. ज्या परदेशी विद्यार्थ्यांनी या वर्षी आयकर विवरणपत्र नेहमीच्या अ‍ॅपवरून, म्हणजे तिथल्या रहिवाशांसाठीच्या फॉर्मवर भरलं असेल, त्यांचं विवरणपत्र चुकीचं आहे, त्यांनी ते लवकरात लवकर दुरुस्त करून पाठवावं, असं त्यात होतं. शेवटी एक वाक्य होतं, की चुकीच्या विवरणपत्राचा परिणाम पुढे व्हिसावर होऊ शकतो.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी कळलं.

झालं होतं असं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायचे. लोकांनी परत केलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. पगारातून थोडा कर कापला जायचा. फेब्रुवारीत पगाराचा कागद हातात आला तेव्हा माझ्याबरोबर काम करणारी तिथलीच एक मुलगी म्हणाली, दहा मिनिटांचं काम आहे, फोनवर होतं. तिनं मला अ‍ॅप दाखवलं. अ‍ॅपनं विचारलं, तू इथली रहिवासी आहेस का? मी आजूबाजूला पाहिलं. त्या गावात माझी खोली होती, खोलीत माझा कुकर होता, दाराशेजारच्या पत्रपेटीवर माझं नाव होतं. मी 'हो' दाबलं. खरंच दहा मिनिटांत झालं. कापलेला कर तीन आठवड्यांनी खात्यात परत आला आणि मी हिवाळ्याचे बूट घेतले.

आता हे लोक म्हणत होते, की मी रहिवासी नव्हतेच.

रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "काय झालं व? जेवून नाही राह्यली."

मी सांगितलं. सगळं नीट सांगता येईना, कारण मलाच नीट कळलेलं नव्हतं. वडील भाकरी मोडता मोडता ऐकत होते.

"म्हंजे तू तिथं राहत नाहीस?"

"राहते ना बाबा. पण कराच्या कायद्यात विद्यार्थ्यांना रहिवासी धरत नाहीत. पहिली पाच वर्षं."

"मंग इथली रहिवासी?"

"वर्षातले अर्ध्याहून जास्त दिवस इथं काढले, म्हणजे त्या वर्षापुरती तरी इथली असेन. या वर्षीचं माहीत नाही."

"काहून माहीत नाही?"

याडी म्हणाली, "पोरीले जेवू द्या आधी." पण तिचाही हात थांबला होता. 'व्हिसा' हा शब्द तिला नीट समजत होता. तो मिळवायला आम्ही तिघं मुंबईला गेलो होतो, आणि मी वकिलातीच्या आत असताना ती दोघं रस्त्यावर चार तास उभी होती.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी गिरणी बंद ठेवली आणि मला पुसदला वकीलसाहेबांकडे नेलं. ते खरं तर वकील नाहीत. विक्रीकर खात्यात कारकून होते, निवृत्त झाल्यावर व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरून देतात, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. कापडाच्या दुकानावरची एक खोली, कूलर, आणि दोरीनं बांधलेल्या फायली. वडिलांच्या गिरणीचे कागद तेच पाहतात.

"साहेब, पोरगी अमेरिकेत चुकली," वडील म्हणाले.

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हटलं, "विवरणपत्र चुकलं."

"अमेरिकेचं मले काही समजत नाही," ते म्हणाले. "सांगून देतो आधीच. पण फॉर्मसोबत सूचना असतात का?"

"असतात. शंभर पानांच्या आसपास."

"वाचल्या?"

"नाही."

"मंग भेऊन कायले राह्यली? आधी वाच, मंग भे."

खोलीत नेटवर्क चांगलं होतं. त्यांनी माझ्यासमोर स्टूल सरकवलं आणि म्हणाले, मोठ्यानं वाच, मराठीत सांगत जा. त्या दिवशी मी साडेतीन तास वाचत होते. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. वडील बाकावर बसून होते, एकदा चहा सांगून आले. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायला जायचे आणि अडकायचे. मराठीत सांगता आलं नाही, म्हणजे मला कळलेलंच नाही, हे मला तिथं पहिल्यांदा समजलं. सूचनांमध्ये एक शब्द होता, 'सूट असलेली व्यक्ती'. मला वाटलं, म्हणजे आपल्याला करात सूट. वकीलसाहेब म्हणाले, "पुढं वाच." पुढं होतं, ही सूट कराची नाही, दिवसांच्या मोजणीची आहे. म्हणजे मी तिथं राहिलेले दिवस राहिलेले धरायचे नाहीत.

"पण दुसऱ्या फॉर्मवर ते दिवस लिहायचे आहेत," मी म्हटलं. "धरायचे नाहीत, पण लिहायचे."

"किती दिवस?"

ते मला माहीत नव्हतं. पासपोर्टवरचा शिक्का पुसट होता, तारीख तेरा की अठरा तेच वाचता येईना. विमानाची तिकिटं जुन्या ईमेलमध्ये होती, आणि ते खातं मी बंद करून बसले होते. वकीलसाहेबांनी शिक्का उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "अंदाजे नोको लिहू."

वडिलांनी याडीला फोन लावला. गिरणीत विचारतात तसं मोठ्यानं विचारलं, "पोरगी गेलती कोणत्या दिवशी?"

फोनमधून याडीचा आवाज खोलीभर ऐकू आला. तीज बोळवायच्या तीन दिवस आधी घर सोडलं. श्रावणात तांड्यातल्या पोरी टोपलीत गहू पेरून नऊ दिवस त्याला पाणी घालतात, त्याच्याभोवती गाणी म्हणतात, शेवटी ते अंकुर पाण्यात सोडतात. ती तीज. त्या वर्षी माझी टोपली मी अर्ध्यात सोडून गेले होते आणि चुलतबहिणीनं तिला पाणी घातलं होतं. हे मी विसरले होते. याडी म्हणाली, "मी एकटीच तिची टोपली घेऊन गेलती नदीवर. मले दिवस कसा नाही आठवणार?"

वकीलसाहेबांनी भिंतीवरून मागच्या वर्षीची दिनदर्शिका काढली. तीज बोळवण्याची तारीख मोजून, तीन दिवस मागे, मग एक दिवस हैदराबादपर्यंत, मग विमान. अठराच आली. तिथून डिसेंबरअखेरपर्यंत एकशे छत्तीस दिवस. पुढे महिन्याभरानं मला सरकारी संकेतस्थळावर माझ्या प्रवेशाची नोंद सापडली, तीही अठराच निघाली. तेव्हा मात्र मी नुसतं याडीवर विश्वास ठेवून आकडा लिहिला.

मग खरा फॉर्म. रहिवासी नसलेल्यांचा. त्यात रहिवाशांना मिळते ती ठरावीक वजावट मिळत नाही, असं सुरुवातीलाच लिहिलेलं. म्हणजे आलेले पैसे परत द्यायचे, वर दंड, आणि बूट तर घालून झाले होते. वडील बाकावरून उठले आणि खिडकीपाशी जाऊन खालची दुकानं पाहत उभे राहिले.

"त्याच्या खाली काय आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

खाली बारीक अक्षरांत होतं, की भारतातल्या विद्यार्थ्यांना दोन देशांमधल्या करारातल्या एकविसाव्या कलमामुळे ही वजावट घेता येते. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मराठीत सांगितलं. मग पुन्हा इंग्रजीत वाचलं. फक्त भारताचं नाव होतं. माझी तिथली रूममेट नेपाळची आहे, तिला हे मिळणार नव्हतं. आपल्यालाच का, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही माहीत नाही.

"आता मांड," ते म्हणाले.

मी मांडलं. माझं पाच महिन्यांचं उत्पन्न त्या वजावटीपेक्षा बरंच कमी होतं. कर शून्य. चुकीच्या फॉर्मवर काय आलं होतं? शून्य. कापलेला सगळा कर परत, इथंही आणि तिथंही. मी तीनदा तपासलं.

"सारखंच आलं," मी म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोकं आणखीच गरगरलं. "मग मी चुकले की नाही?"

"चुकलीच ना. फॉर्म चुकला, उत्तर चुकलं. आकडा तेवढा बरोबर निघाला."

वडील खिडकीतून म्हणाले, "आकडा बरोबर हाय तं कायले पाठवायचं? गप राहू द्या ना साहेब. उगाच त्यांच्या ध्यानात येईन."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. कुणी विचारलं नसतं. वकीलसाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले अजून तिथं किती वर्षं काढायची आहेत?"

"एक शिक्षणाचं. मग नोकरी मिळाली तर आणखी."

"दर येळी फॉर्म भरताना हे आठवन?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग पाठव."

दुरुस्तीच्या फॉर्मवर शेवटी एक मोकळी जागा होती. काय बदललं आणि का, ते तिथं लिहायचं. मी घरी जाऊन लिहिलं. मला कल्पना नव्हती, मी नवीन होते, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून केलं, माझा काही वाईट हेतू नव्हता, कृपया मला क्षमा करावी, माझे आईवडील साधे लोक आहेत. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना मराठीत वाचून दाखवलं.

"आईबापाले काहून आणलं मधात?"

मला रडू येत होतं.

"माफी नोको मागू. चोरी नाही केली तुनं. काय चुकलं, आता काय बरोबर आहे, कोणत्या कलमानं. तीन वाक्यं. बस."

मी तीन वाक्यं लिहिली. ती लिहायला आधीच्या पानापेक्षा जास्त वेळ लागला.

पत्त्याच्या रकान्याचा वेगळाच घोळ झाला. मायदेशातल्या घराचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव मागितलं होतं. तांड्यात रस्ता एकच आहे आणि त्याला नाव नाही. शेवटी मी लिहिलं, पिठाच्या गिरणीमागे. वकीलसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "पोस्टमन येते ना तिथं? मंग झालं."

फॉर्मवर निळ्या शाईनं सही केली. प्रती काढल्या, एक संच त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला आणि नवी फाइल करून तिच्यावर 'अमेरिका' लिहिलं. पुसदच्या पोस्टात खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. "काय आहे आत?"

"आयकराचे कागद."

"अमेरिकेचा आयकर पुसदहून?" त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या माणसाला पाकीट दाखवलं. त्यानंही पाहिलं. मग दोघांनी मिळून वजन केलं, पावती दिली. वडिलांनी पावती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. घरी येईपर्यंत त्यांनी दोनदा खिसा चाचपला.

ऑगस्टमध्ये परत गेले. तिथल्या विमानतळावर रांगेत उभी राहिले. फॉर्मची प्रत, पावतीची प्रत, तीन वाक्यं, सगळं एका फोल्डरमध्ये छातीशी धरलं होतं. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, काय शिकतेस? मी सांगितलं. त्यानं विचारलं, खायचं काही आणलंय का? मी म्हटलं, लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानं शिक्का मारला. फोल्डर कुणी मागितलाच नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि फोल्डर पिशवीत ठेवला.

थंडी सुरू झाल्यावर कर खात्याचं पत्र आलं. एक पान. तुमची दुरुस्ती आम्ही नोंदवली, तुमच्याकडे काही देणं नाही, आमच्याकडेही नाही. खाली एक आकड्यांची ओळ होती. तिचा अर्थ मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारला, तिथल्या बाईंनाही सांगता आला नाही.

मी घरी व्हिडिओ कॉल केला. तांड्यात सकाळ होती, वडील गिरणीत होते, पट्ट्याचा आवाज येत होता. मी पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

"काय म्हणते?"

"काही नाही म्हणते."

"काही नाही म्हंजे?"

"म्हणजे झालं बाबा. मिटलं."

त्यांनी गिरणी बंद केली. एकदम शांत झालं. गव्हाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते म्हणाले, "थांब व जराशी." मग मला म्हणाले, "पुरं वाच. मराठीत सांग."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.