जेवल्याशिवाय बोलायचं नाही

वेन्डल टार्पलीला कुणी विचारलं, बाबा रे, तू नक्की करतोस तरी काय, तर तो सांगायचा, "लोकांच्या आयांच्या हातचं जेवतो." आणि ते खोटं नव्हतं. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्याचं नाव मदतनीस कोच म्हणून होतं, पण मैदानावर त्याला फारसं काम नसे. अलाबामातल्या खेड्यापाड्यांत हिंडायचं, शाळेच्या संघातला दांडगा पोरगा हेरायचा आणि त्याच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडायचं, हे त्याचं काम. पोरगा बापाचं ऐकत नाही, पण आजी किंवा आई म्हणेल त्याच कॉलेजात जातो, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. म्हणून तो पोराशी थोडं बोलायचा आणि आजीपुढे ताट पुसून खायचा. पोट सुटलं, साखर वाढली, डॉक्टरने दम भरला, पण कुणाच्या घरी तो "पुरे" म्हणाला नाही.

द्यायला त्याच्याकडे होतं काय? फी माफ, राहणं-जेवण फुकट, आणि शब्द. पोराला पदवी घेतल्याशिवाय परत पाठवणार नाही, हा शब्द. माणूस थोडा बोलघेवडा होता, चर्चमध्ये झोपायचा, बायकोचा वाढदिवस दरवर्षी विसरायचा. पण शब्दाला जागायचा. त्याच्यावर शंभर दोष ठेवा, शब्द मोडल्याचा ठेवता येणार नाही.

मग पैसा आला. पोरांना आपलं नाव आणि आपलं तोंड जाहिरातीला विकायची मोकळीक मिळाली. चांगलंच झालं म्हणा. इतकी वर्षं पोरांनी डोकी फोडून घ्यायची आणि तुपाशी खायचं दुसऱ्यांनीच, हे कुठे बरोबर होतं? वेन्डलला ते मनापासून पटायचं. पण पैसा एकटा आला नाही. त्याच्यामागून एजंट आले, वकील आले, आणि दर वर्षी कॉलेज बदलायची मुभा आली. तयार खेळाडू बाजारात मिळायला लागल्यावर शाळेतलं कोवळं पोरगं आणून चार वर्षं त्याला घडवत कोण बसतो?

डिसेंबरातल्या एका शनिवारी मुख्य कोच हॉलिसने त्याला खोलीत बोलावलं. हॉलिस वयाने त्याच्या थोरल्या मुलाएवढा.

"टार्प, तुझ्या त्या टेरिऑन मॅब्रीची जागा गेली. ओरेगनच्या कॉलेजातून एक जण येतोय. तेवीस वर्षांचा आहे, तीन कॉलेजं फिरून आलाय, आल्या दिवसापासून खेळेल. गाद्यांच्या एका कंपनीने त्याला जाहिरातीत घेतलंय, त्याचे फलक छापायलासुद्धा टाकले."

"बुधवारी सह्या आहेत. पोराला मी शब्द दिलाय."

"शब्दच ना? कागद कुठे दिलाय? एक मेसेज टाक आणि मोकळा हो."

"मी जाऊन सांगतो."

"तुझी मर्जी. उगाच पेट्रोल जाळतोस."

वेन्डल बाहेर आला आणि गाडीत बसला. आता आपल्याला राग येईल, असं त्याला वाटलं. त्याने थोडी वाट पाहिली. राग काही आला नाही. दुखरा दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं त्याचं आतून सगळं झालं होतं. खरं तर गेली दोन वर्षं तो तसाच होता, फक्त आज त्याच्या ते ध्यानात आलं.

खरी गोम वेगळीच होती. तिकडे सह्यांच्या दिवशी, म्हणजे पोरं कॉलेजाच्या करारावर सही करतात त्या दिवशी, शाळेच्या व्यायामशाळेत पोरं टेबलावर तीन-तीन कॉलेजांच्या टोप्या मांडून बसतात. सगळा गाव जमतो. पोरगा या टोपीवर हात नेतो, त्या टोपीवर नेतो, बाया किंचाळतात, आणि मग एक उचलून तो डोक्यावर घालतो. वेन्डलला हा तमाशा डोळ्यांसमोर नको असायचा. उन्हाळ्यात त्यानेच टेरिऑनला ओसरीवर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, नवरी कधी तीन नवरे मांडून बसते का? आमच्याकडे यायचं ठरलंय ना? मग त्या बाकीच्या दोघांना स्वतः फोन कर, नाही म्हण, आभार मान. बुधवारी टेबलावर एकच टोपी हवी. मर्दासारखं." पोराने तसंच केलं. त्या दोन कॉलेजांनी आपल्या जागा दुसऱ्यांना दिल्या. शनिवारी संध्याकाळी वेन्डलने दोन्हीकडे फोन लावून पाहिले. एकजण हळहळला, दुसरा हसला. जागा कुणाकडेच नव्हती.

रविवारी चर्च सुटल्यावर तो हॅचर्स बेंड गावात मॅब्रींच्या दारात उभा राहिला. दार आजीने उघडलं. मिस ऑर्लीन. तिकडे वडीलधाऱ्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी याच दारातून वेन्डलने तिच्या मुलाला, टेरिऑनच्या बापाला, नेलं होतं. त्याची पदवी अजून भिंतीवर होती. बाप आता ट्रकवर असायचा, आई हॉस्पिटलात पाळीवर. घरात आजी आणि नातू दोघंच होते. दारातल्या बोळात दोन कोऱ्या जांभळ्या बॅगा उभ्या होत्या.

"चर्चमधल्या बायकांनी वर्गणी काढून घेतल्या," आजी म्हणाली. "मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कशाला? तर म्हणतात, पोराच्या एका बुटालाच एक बॅग लागेल. ये. वाळलास रे वेन्डल! तिकडे उपाशी ठेवतात की काय तुला?"

टेरिऑन खो खो हसला. वेन्डलच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली होती.

"मिस ऑर्लीन, मला जरा बोलायचं..."

"ताट रिकामं झाल्यावर. या घराची रीत विसरलास?"

रीत तो विसरला नव्हता. जेवल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. विम्याचा एजंट असो, पाद्री असो, सगळ्यांना एकच कायदा. दारातच सांगून टाकता आलं असतं. हात जोडून म्हणता आलं असतं की आज जेवायला नाही आलो. पण वेन्डलला त्या रीतीआड लपायला बरं वाटलं. तो बसला. तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा पाव. त्याला कशाचीच चव लागली नाही. ताट संपत आलं तसं त्याने ते पुढे केलं.

"अजून थोडं वाढा."

"बघ टेरिऑन, जेवणारा माणूस कसा असतो बघ," आजी खूश झाली. "तुझ्या बापाला न्यायला आला तेव्हा यानं असंच मागून घेतलं होतं. मी तेव्हाच म्हटलं, हा माझ्या लेकराला उपाशी नाही ठेवायचा." बोलता बोलता तिने पीचची फळं घालून भाजलेला गरम, गोड कॉबलर एका डब्यात भरला, झाकण लावलं आणि त्याच्या हाताशी ठेवला. तिच्या घरून रिकाम्या हाताने कुणी जात नसे.

ताट रिकामं झालं. आता पळायला जागा नव्हती.

"मिस ऑर्लीन, टेरिऑनची जागा राहिली नाही."

"राहिली नाही म्हणजे?"

"दुसऱ्याला दिली. त्यांनी. आम्ही."

"कधी?"

"काल."

आजीने त्याच्या ताटाकडे पाहिलं. हाडं एका बाजूला नीट रचून ठेवलेली होती.

"काल," ती म्हणाली. "आणि आज तू माझ्याकडे दोनदा वाढून घेतलंस."

टेरिऑन खुर्चीत सरळ बसला होता, मोठ्या माणसांपुढे बसावं तसा. "सर, पण बाकीची दोन कॉलेजं?"

"विचारलं मी. भरली."

"मी त्यांना नाही म्हणालो होतो."

"हो."

"तुम्ही सांगितलं म्हणून."

पोरगा टोमणा मारत नव्हता. आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच तो जुळवत होता. तेच वाईट होतं. फी भरून शिकवायची ऐपत त्या घरात नव्हती, हे टेबलाशी बसलेल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"तो जो दुसरा येतोय," आजीने विचारलं, "त्याच्या घरी जेवलास?"

"नाही. त्याच्या एजंटशी बोलणं झालं. फोनवर. तेही मी नाही केलं."

"म्हणजे त्या लेकराची आई कोण, हेही तुम्हाला कुणाला माहीत नाही."

"नाही."

"त्याला पैसे मिळतायत, मिळू देत बापड्याला. त्याचं काही चुकलं नाही." ती उठली. "तू बाबा, घरचा म्हणून यायचास."

"वर्षभर कुठल्या छोट्या कॉलेजात खेळू दे त्याला. मी बघतो काय ते..."

"बघतो म्हणू नकोस. या घरात नको."

ती ओरडली नाही, तिने देवाचं नाव घेतलं नाही. तिने त्याच्या हाताजवळचा डबा उचलला, झाकण काढलं आणि मोठ्या चमच्याने कॉबलर परत भांड्यात काढायला लागली. शांतपणे, कडेला चिकटलेलंसुद्धा खरवडून. मग डबा नळाखाली धरून विसळला, फडक्यावर पालथा घातला. वेन्डल ते सगळं बघत बसला. आता तरी आत काहीतरी हलेल, असं त्याला वाटलं. त्याला फक्त पोट जड वाटत होतं.

टेरिऑन गाडीपर्यंत पोचवायला आला. आजीने सांगितलं नव्हतं. वळणच तसं होतं. त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

"पुलापलीकडे हळू जा, सर. हरणं मध्ये येतात."

"बरं."

"सर..." पोरगा घुटमळला. वेन्डलला वाटलं, आता बोलेल. शिवी दिली तर बरं होईल. "तुम्ही ते सकाळचं पळणं सांगितलं होतं ना, कॉलेजात दम टिकावा म्हणून. ते चालू ठेवू का मी?"

एवढ्या वर्षांत पोरांनी त्याला हा प्रश्न शेकडो वेळा विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या तोंडात तयारच असायचं.

"ठेव चालू," वेन्डल म्हणाला. "एक दिवस चुकवू नकोस."

"हो सर," टेरिऑन म्हणाला आणि त्याने दार हळूच लावलं.