दुधाला नाही म्हणायचं नाही

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. म्हणजे अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीमुळे आलेली जुनी सूज. काबूत ठेवता येतो, घाबरू नका, म्हणाल्या. मी घाबरले नव्हतेच. मी एवढंच विचारलं, हेच सगळं माझ्या सासूबाईंना समोर बसवून सांगाल का?

त्या हसल्या. मी हसले नाही.

सहा वर्षं माझा घास छातीत अडकत होता. भाकरीच्या प्रत्येक तुकड्यामागे घोटभर पाणी लागायचं. सगळ्यांचं जेवण उरकायचं तेव्हा माझं ताट निम्मं असायचं. बिडकीनजवळच्या आमच्या वस्तीवर याला एकच नाव होतं, नखरे. जाऊबाई तर लग्नाच्या पंगतीत माझी नक्कल करून दाखवायच्या.

सासरचं घराणं पिढ्यानपिढ्या जनावरांमागं हिंडलेलं. घरच्या दुधाला नाही म्हणणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं. घास अडकला की सासूबाई दुधात तूप घालून आणायच्या आणि तांब्या रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

"आत्या, दुधानं जास्तच व्हतंय," मी सांगायचे.

"दुधानं कधी कुणाला काय झालंय व्हय?"

गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, वर थंड दूध घ्यायला सांगितलं. घ्या आता.

मग दुष्काळ पडला. शेजारच्या रानात कंपन्यांसाठी रुंद रस्ते होत होते आणि आम्ही टँकरची वाट बघत होतो. म्हशी चारा छावणीत गेल्या, दूध तिकडूनच डेअरीला जायचं. घरात कोरा चहा आणि कोरडी भाकरी. त्या तीन महिन्यांत माझा घास एकदाही अडकला नाही, मागे पाण्याचा घोटही लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, नवस पावला.

म्हशी परतल्या, तांब्याही परतला. पंधरा दिवसांत एक तुकडा असा बसला की थुंकी खाली जाईना. नवऱ्यानं मोटारसायकलवर शहरातल्या दवाखान्यात आणलं. तिथं एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तुकडा काढला आणि नळीच्या अस्तराचे कण तपासायला पाठवले. मधे कधी बरं वाटलं होतं का, डॉक्टरबाईंनी विचारलं. छावणीचं ऐकून त्यांनी लिहिणं थांबवलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सहा वर्षांत माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

दूध, दही, तूप बंद. बुडेसोनाइड हे सूज उतरवणारं औषध मधात घोटून गिळायचं, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. तुमचाही घास असा अडकत असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा. घरच्यांची परवानगी मागत बसू नका.

तीन महिन्यांनी दुसरी एंडोस्कोपी होती. सोबत घरची बाई लागते, असं खोटं सांगून मी सासूबाईंना नेलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळचे फोटो पुढे ठेवले. आधीच्यात सुजलेली, वळ्या पडलेली नळी, आताच्यात साफ. मग विचारलं, "हिला रोज दूध कोण द्यायचं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मी."

मला फार बरं वाटलं. ते लपवायचं कशाला?

परतताना रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "पोरी, मला काय ठाव व्हतं."

"मी सांगत व्हते, आत्या. रोज सांगत व्हते."

त्यांनी हात काढून घेतला. मी घेऊ दिला.