नानांची पटाशी आणि गूळ

मंडळी, चौसष्टाव्या वर्षी मी लाकडावर कोरीवकाम शिकते आहे. हसू नका, जमतं.

आज चांगल्या पटाश्यांचा संच घ्यायला कोठीच्या बाजारात गेले होते. मापासाठी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पटाशी सोबत नेली. दुकानदाराने तिची धार पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इससे क्या तोड़े अम्मा?"

"गुड़." मी खरं ते सांगितलं.

"ऐसा लोहा अब मिलताइच नै, और आप गुड़ तोड़ते बैठे."

नल्लकुंट्याच्या घरी नाना सुट्टीच्या सकाळी देव्हाऱ्यावर वेलबुट्टी कोरत. या पटाशीला आम्ही मुलांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि कोरणं सुटलं. पटाशी स्वयंपाकघरात कधी आली, ते आठवत नाही. एकदा मी तिने गूळ फोडत होते, ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "गूळ चालेल. खिळे काढू नकोस."

मी हसले आणि फोडत राहिले.

आज दुकानदाराने ती अर्धा तास दगडावर घासून दिली. घरी येऊन सागाच्या तुकड्यावर चालवली, तर कागदासारखी पातळ, सलग साल निघाली. नवा संच अजून उघडलेला नाही.

त्या दिवशी नानांना खरंच चाललं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या घरी कुणाचं हत्यार असं भलत्या कामाला लागलं असेल आणि तो माणूस समोर असेल, तर आजच विचारा. काय म्हणाला, ते मला कळवा.