ओतीलिया काकूंची धर्मलेक

ओतीलिया काकू धर्मआई झाल्या त्या दिवशी त्या मुळात सँडविच पोचवायला आल्या होत्या.

लेहोता गावातलं किराणा दुकान त्या चालवतात. ओरावा खोऱ्यातल्या लेखिकांच्या मंडळाचा नव्या पुस्तकांचा कार्यक्रम दर हिवाळ्यात गावच्या सांस्कृतिक भवनात होतो, आणि बटाट्याचं सॅलड, उकडलेलं अंडं आणि काकडीचं लोणचं लावलेले पाव दुकानातूनच जातात. आता पुस्तक छापून आलं म्हणजे झालं, असं इकडे कोणी मानत नाही. त्याचं बारसं व्हावं लागतं. बारशाला धर्मआई लागते, चर्चमध्ये बाळाची जबाबदारी घेणारी असते तशी, आणि तिला पुस्तकावर काहीतरी शिंपडावं लागतं. शॅम्पेन चालते, पण "शॅम्पेन काय, कोणीही शिंपडेल," असं मंडळाच्या अध्यक्षा ब्लाझेनाबाईंचं म्हणणं. ब्लाझेनाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या कारकिर्दीत मधमाश्यांवरच्या एका पुस्तकाला मधाने न्हाऊ घातलं होतं. ते पुस्तक पुढे कधी उघडलं नाही.

त्या वर्षी नवी लेखिका होती झेल्मीरा. शाळेत भूगोल शिकवायची, वय पंचविशीचं, बोलायची वेळ आली की मफलरचं टोक चावायची. तिचा कवितासंग्रह होता 'ओलं गवत, ओले पाय'. धर्मआई म्हणून शहरातून एक नटी यायची होती. ती बर्फात अडकली. निदान तिने तसं कळवलं. ब्लाझेनाबाईंनी सभागृहावरून नजर फिरवली. बसलेल्या बायका झाडून सगळ्या लेखिका होत्या, आणि एका लेखिकेला दुसरीच्या पुस्तकाची धर्मआई केलं असतं तर वर्षभर पुरतील एवढी भांडणं झाली असती. न लिहिणारी बाई एकच होती. दाराशी, दुकानाच्या पांढऱ्या कोटात, हातात ट्रे घेऊन.

"ओतीलिया, तो ट्रे ठेव. दोन मिनिटांचं काम आहे."

"बाई, अंड्यांवर झाकण घालायचंय अजून..."

"अंडी कुठे पळून जात नाहीत. हे भांडं धर. ओत. आणि म्हण, सुखाने जगात नांद."

भांड्यात झिंचित्सा होती, धनगरांच्या पाड्यावरून आणलेली. मेंढीच्या दुधाचं चीज केल्यावर जे उरतं ते. कोमट, आंबट आणि धुराच्या वासाचं. काकूंनी ओतली. जरा जास्तच ओतली गेली. "सुखाने जगात नांद," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच्या मनाने पुढे जोडलं, "आणि काही लागलं तर मी आहे."

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, बोलायची एक पद्धत. काकू पद्धत म्हणून काही बोलत नाहीत.

घरी त्यांचा नवरा वेंदेलीन चुलीपाशी मोजे वाळवत बसला होता.

"मी धर्मआई झाले," काकू म्हणाल्या.

"कोणाच्या पोराची?"

"झेल्मीराच्या."

"तिचं लग्न कधी झालं?"

"पुस्तक रे. पुस्तकाची."

वेंदेलीनने मोजा उलटा केला. "बाप कोण?"

"कविता आहेत. त्याला बाप नसतो."

"हं. हल्ली असंच चालतं," म्हणून त्याने दुसरा मोजा घेतला.

बाळंतिणीला पहिलं सूप धर्मआईने न्यायचं, ही इकडची रीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी कोंबडी कापली, शेवया घातल्या, खसखशीचे केक भाजले, टोपलीवर पांढरा रुमाल बांधला आणि दुकानापासून झेल्मीराच्या घरापर्यंत गावातून सरळ चालत गेल्या. धर्मआई आणि पांढऱ्या रुमालाची टोपली एकत्र दिसली की लेहोत्यात त्याचा एकच अर्थ होतो. चौकाचौकात विचारणा झाली. काकूंनी थांबून नीट उत्तरं दिली.

"मुलगी. कविता म्हणजे मुलगीच म्हणायची. छोटीशी आहे, अगदी हलकी. जरा वास येतो, पण जाईल."

संध्याकाळपर्यंत चर्चमधल्या फादरांची स्वयंपाकीण झेल्मीराच्या आईला भेटून आली, सहानुभूतीने. सोमवारी भूगोलाच्या तासाला मुलांनी बाळाचं नाव विचारलं. झेल्मीराच्या आईने आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही, आणि टाकलं तेव्हा दुकानात येऊन एवढंच म्हणाली, "सूप चांगलं होतं, पण तुला काही अक्कल?"

वास मात्र गेला नाही.

धर्मलेक दुकानात तराजूच्या शेजारी राहू लागली. दर वाढदिवसाला तिला काहीतरी व्हायचं. एका वर्षी प्लास्टिकचं कव्हर, एका वर्षी रेशमी खूणदोरी. आठव्या वर्षी, म्हणजे मुलं चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांत पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात ते वय झालं तेव्हा, पांढरं लेसचं आवरण, काकूंनी स्वतः विणलेलं. आणि बाहेरचा चिखल पायाने आत आणणारं गिऱ्हाईक दिसलं की काकू काऊंटरमागून म्हणत, "ओलं गवत, ओले पाय." पुढची ओळ आल्याशिवाय पाव मिळत नसे. सुरुवातीला लोक चिडले. पण पुढचं दुकान शेजारच्या गावात, आणि मधे चढ.

पुढे झेल्मीरा राजधानीत, ब्रातिस्लावाला गेली. त्या बारशाला नऊ वर्षं झाली तेव्हा तिची कादंबरी आली. काळी, जाड, नाव 'पोकळी'. त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांचं भित्तिपत्रक दुकानाच्या दाराला काकूंनीच चिकटवलं, आणि चिकटवता चिकटवता वाचलं: 'ओरावाची सुकन्या झेल्मीरा हिचं पहिलं पुस्तक'.

दोन दिवसांनी झेल्मीरा स्वतः दुकानात आली. मफलर होता, पण आता तो चावण्यातला नव्हता.

"काकू, मागच्या वेळेसारखीच सँडविच. फक्त, म्हणजे, अंडं नको. आमच्या संपादिका येतायत, इंग्रिदा, त्या अंडं खात नाहीत."

"बरं. भित्तिपत्रकात चूक झालीय. पहिलं छापलंय."

"चूक नाही, काकू."

काकूंनी तराजूकडे पाहिलं. झेल्मीरानेही पाहिलं, आणि घाईने जिलेटिनच्या पाकिटांकडे नजर वळवली.

"ते लहानपणीचं होतं हो. ब्रातिस्लावात सगळे म्हणाले, इथून मोजू या. म्हणजे, एका अर्थी, माझा जन्म आत्ता होतोय."

"तुझा जन्म मी ऐकलाय. तुझ्या आईने दोन गल्ल्या जाग्या ठेवल्या होत्या."

"आणि भवनाच्या तळघरात त्याचे उरलेले गठ्ठे आहेत ना, ते शुक्रवारी शाळेच्या रद्दीत द्यायला सांगितलंय. ज्या वर्गाची रद्दी जास्त त्याला सहल मिळते. तेवढीच मुलांना मदत."

"तिला रद्दीत?"

"पुस्तक आहे ते, काकू!"

काकूंनी हात कोटाला पुसले. "आणखी काही देऊ?" त्यांनी विचारलं. अनोळखी गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

गुरुवारी वेंदेलीनने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली आणि भवनाच्या मागच्या दाराशी आणून उभी केली.

"आई मेली तर धर्मआईने पोर सांभाळायचं असतं," तो म्हणाला. "हिची आई जिवंत आहे. ब्रातिस्लावात असते."

"तेच ते. उचल."

गठ्ठे दमट होते. काकूंनी ते पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर मांडले आणि वरून पिसांची रजई घातली. वेंदेलीन दारात उभा राहून बघत होता. "माझी बहीण आली की तिला सोफ्यावर झोपवतेस," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीला तळघरात नव्हतं ठेवलं कोणी," काकू म्हणाल्या. शाळेच्या रद्दीत खड्डा पडू नये म्हणून त्यांनी वेंदेलीनची शिकारीची जुनी मासिकं दिली. पाचवीच्या वर्गाला सहल मिळाली. वेंदेलीन त्यावर अजून बोलतो.

शनिवारी भवन भरलं. औषधाच्या दुकानातल्या बाईंची रहस्यकथा होती. पहिल्याच पानावर एकजण मश्रूम खाऊन मरतो, म्हणून तिच्यावर वाळलेले मश्रूम उधळले. माजी पोस्टमास्तरीणबाईंच्या आठवणी होत्या. त्यांच्यावर जुनी तिकिटं उधळली, आणि लोक लगेच आपलं नाव कोणत्या पानावर आहे ते शोधायला लागले. काकू सँडविच मांडून पहिल्या रांगेत आल्या. एका खुर्चीवर स्वतः बसल्या. शेजारच्या खुर्चीवर लेसचं आवरण घातलेली धर्मलेक टेकवून बसवली.

ब्लाझेनाबाई वाकल्या आणि कुजबुजल्या. त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेला ऐकू जाते. "ओतीलिया, ती खुर्ची राखीव आहे. जिल्ह्याचे सांस्कृतिक अधिकारी येतायत."

"आले का?"

"नाही."

"मग आले की ही माझ्या मांडीवर बसेल. घरचीच आहे."

ब्लाझेनाबाई मंचावर चढल्या. "मी फार बोलणार नाही," त्या म्हणाल्या, आणि ओरावा नदीच्या उगमापासून सुरुवात केली. नदी धरणापर्यंत आली तेव्हा खोकले सुरू झाले. मग एकदाची 'पोकळी' आली. मंचावर झेल्मीरा उभी होती, आणि तिच्या शेजारी धर्मआई म्हणून संपादिका इंग्रिदा, हातात राखेची वाटी. बारशाला राख, ही कल्पना ब्रातिस्लावाची.

"तर आता," ब्लाझेनाबाई म्हणाल्या, "आपल्या झेल्मीराचं पहिलं अपत्य..."

"दुसरं," काकू म्हणाल्या.

मोठ्याने नाही. गिऱ्हाइकाने मीठ मागायच्या जागी साखर मागितली तर सांगतात तेवढ्याच आवाजात.

"ओतीलिया, खाली बस."

"बसलेलीच आहे, बाई. पण मोठी इथे समोर आहे. तिच्या तोंडावर दुसऱ्याला पहिलं म्हणू नये."

"मोठी?" इंग्रिदा मंचावरून खाली उतरली, खुर्चीवरचं पुस्तक उचललं, लेस पाहिली, हुंगलं. "हा वास कसला?"

"लहानपणापासून आहे," काकू म्हणाल्या.

इंग्रिदाने पुस्तक वर झेल्मीराकडे दिलं. "तुमचं आहे? मला सांगितलं नाहीत कधी. वाचा ना थोडं."

झेल्मीरा लाल झाली. मफलरचं टोक तोंडाशी गेलं आणि परत आलं. "वाचते. कसं बालिश आहे ते तुम्हीच ऐका," ती म्हणाली, आणि शाळेतल्या मुलीचा आवाज काढून, मान डोलवत, पहिली ओळ म्हणाली:

"ओलं गवत, ओले पाय..."

आणि लोकांना हसता यावं म्हणून थांबली.

"आई विचारते, झालं काय?" सभागृह म्हणालं. चर्चमध्ये फादरांना उत्तर देतात तसं, एका सुरात, विचार न करता.

झेल्मीराने मान डोलवणं बंद केलं. हळूच म्हणाली, "काही नाही गं, पहाट झाली..."

"गाय माझ्याआधी जाऊन आली."

वेंदेलीनचा आवाज सगळ्यात वर. गेली नऊ वर्षं त्याला घरातसुद्धा पाव असाच मिळत होता.

"तुम्हाला... तुम्हाला सगळ्यांना कसं येतं हे?" झेल्मीराने विचारलं.

"पाव घ्यायचा तर यावंच लागतं," औषधवाल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातली एकही ओळ कोणाला येत नव्हती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इंग्रिदा काकूंकडे वळली. "याच्या प्रती आहेत अजून? कुठे आहेत?"

"झोपल्यात," काकू म्हणाल्या.

झेल्मीरा पुस्तक धरून उभी होती. तिने लेसचं बटण लावलं, चुकलं, पुन्हा लावलं. मग मफलरचं टोक सरळ तोंडात धरून ती काहीतरी बोलली.

"स्पष्ट बोल," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. एकेकाळी ती त्यांच्याच वर्गात होती.

"दुसरं," मफलर काढून झेल्मीरा म्हणाली. "बाई, दुसरं अपत्य म्हणा."

"मग नीट सुरुवातीपासून घ्यावं लागेल," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "मी फार बोलणार नाही." आणि ओरावा नदीच्या उगमापासून पुन्हा, एका शब्दाचा फरक करून, सगळं भाषण केलं. मग राख उडाली. बरीचशी सँडविचवर बसली. सँडविचवर अंडं होतंच. काकू त्या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. इंग्रिदाने दोन खाल्ली.

सकाळी बसच्या आधी झेल्मीरा दुकानात आली. दारात पाय पुसले, आत येऊन पुन्हा पुसले.

"काकू, मोठीला घरी न्यायला आलेय."

काकूंनी दुकानाला कडी लावली आणि तिला घरी, पाहुण्यांच्या खोलीत नेलं. रजईचा एक कोपरा उचलला, हात खाली घालून दमटपणा तपासला, आणि कडेचा एक गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. रजई परत नीट खोचली.

"एवढ्याच?" झेल्मीराने विचारलं.

"एकदम सगळ्या नकोत. तुला सवय नाही. या सांभाळ आधी, त्यात धाकटं तान्हं आहे. जमलं तर उन्हाळ्यात बघू."

मग चुलीवरून सूप उतरवून त्यांनी डबा भरला, टोपलीत ठेवला आणि वर पांढरा रुमाल बांधला. झेल्मीराने रुमालाकडे पाहिलं, बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि टोपली घेतली.

बसथांब्यावर फादरांची स्वयंपाकीण उभी होती. तिने टोपली बघितली, गठ्ठा बघितला.

"या वेळी काय झालं गं?"

"मुलगा," झेल्मीरा म्हणाली. "चांगला जाड आहे. आणि ही मोठी."